मिस्त्रींची फ्रेंच गाडी

माझ्या नवऱ्याला नाद आहे हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. दारूचा असता तर माहेरी जाऊन रडता आलं असतं. पत्त्यांचा असता तर शेजारणींनीच तिसऱ्या दिवशी सांगितला असता. पण हा नाद होता फ्रान्समधल्या जुन्या, बसक्या, दोन-तीन माणसांच्या, जोरात पळणाऱ्या मोटारींचा. असा नाद असलेला दुसरा माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात नव्हता, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत, हेच मला कळेना.

गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून इथे मीही तेच म्हणते. देवगाव फाट्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि झाडाला टांगलेली साखळी-कप्पी. विहिरीवरची इंजिनं, ट्रॅक्टर, एखादा रस्त्यात बसलेला ट्रक, एवढ्यावर आणि घरच्या थोड्याशा शेतीवर आमचं घर चाले. फाट्यापासून चार किलोमीटर आत आमचं गाव. मी मानवतची, बाजारपेठेत वाढलेली आणि मॅट्रिक झालेली. म्हणजे सासरी आले तेव्हा स्वतःला जरा जास्तच शहाणी समजत होते.

तर चौथ्या दिवशी साड्या ठेवायला म्हणून मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेला एक गठ्ठा निघाला. वरचं पान गुळगुळीत, रंगीत, परदेशी. आत भलतीच चित्रं असणार, असं वाटलं. दार लोटून घेतलं आणि पहिलं मासिक उघडलं. आत मोटार. दुसऱ्यात मोटार. तिसऱ्यात मोटारीचं पोट फाडून दाखवलेलं. एका पानावर एक गोरी बाई सापडली खरी, पण तीही वाकून मोटारीचं चाक पुसत होती.

संध्याकाळी विचारलं तेव्हा मिस्त्री कानापर्यंत लाल झाले. लग्नाआधी ते परभणीला एका वर्कशॉपात काम शिकत होते. तिथं पेरणीच्या यंत्राची चाचणी घ्यायला एक फ्रेंच इंजिनीअर येऊन राहिला होता. जाताना तो आपली जुनी मासिकं मागं टाकून गेला आणि वर्कशॉपातली पोरं त्यांची पानं फाडून हाताचं ग्रीस पुसू लागली. मिस्त्रींनी उरलेली मासिकं उचलून आणली. त्यांना फ्रेंच सोडा, इंग्रजीही धड येत नव्हतं. पण चित्रं बघून बघून त्यांना एकेका मोटारीचं अंगप्रत्यंग पाठ झालं होतं.

कंपन्यांची नावं मी इथे लिहीत नाही. ती आम्हाला कधी वाचताच आली नाहीत. त्याच्यावाचून आमचं अडलंही नाही, कारण मिस्त्रींनी बैलांना ठेवतात तशी सगळ्यांना नावं ठेवली होती. एक निळी होती, इंजिन पाठीमागं असलेली, घाटात पळणारी. तीन माणसं एका ओळीत बसतील अशी एक होती, तिचं नाव तिघांची. दिव्यांवर पापण्या असलेली ती झाकडोळी. "झाकडोळीच्या खांद्यात दम न्हाई," असं ते जेवताना म्हणाले की शेजारीण समजे, जिंतूरच्या बाजारातून नवी गाय आणायचं चाललंय.

त्यातही गंमत अशी, की ज्या मोटारी जगात गाजल्या त्यांच्याकडे मिस्त्री ढुंकूनही बघत नसत. एकदा कुणीतरी त्यांना इटलीच्या लाल मोटारीचं कॅलेंडर दिलं. त्यांनी ते उलटं करून भिंतीला लावलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर इंजिनांचे नंबर लिहिले. त्यांचा जीव अडकला होता तो फार न खपलेल्या मोटारींत. दोन-चार भाऊबंदांनी मिळून शेडमध्ये बनवलेल्या, थोड्या विकल्या गेलेल्या, मग कारखानाच बुडालेला. मी म्हणायची, "अहो, नाद करायचा तर निदान चालत्या कंपनीचा तरी करा."

"चालत्याला काय," ते म्हणायचे. "त्याला तर कुनीबी वळखतंय."

हे मला तेव्हा येडेपणाचं वाटे. आता वाटतं, फाट्यावरच्या चार पत्र्यांखाली हात काळे करणाऱ्या माणसाला शेडमधल्या त्या भाऊबंदांविषयी आपलेपणा वाटणारच. पण हे शहाणपण मला फार उशिरा आलं. त्या वेळी मी गावाच्या बाजूनं होते, आणि गाव हसत होतं.

हसण्याला कारणही मिस्त्रींनीच दिलं होतं. एकदा पारावर कुणीतरी डिवचलं, "मिस्त्री, चित्रातल्या जेवनानं पोट भरतंय व्हय?" तेव्हा हा एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "यातली एक गाडी मी ह्या वेशीतून आनून दाखवीन. इंजिन चालू ठिवून. तुमी बगतच ऱ्हावा." झालं. त्या दिवसापासून बाहेरून गावात शिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला, मग ती म्हैस असो की वरात, पोरं ओरडायची, "मिस्त्रीची गाडी आली!" फाट्यावरचा चहावाला तर रोज सकाळी विचारी, "काय मिस्त्री, फ्रान्सवाली आज कोन्त्या एसटीनं यायलीय?" मिस्त्री हसून कामाला लागत. घरी आले की मात्र त्या दिवशी भाकर अर्धीच खात. ते मला दिसे. तरी दुसऱ्या दिवशी मीही एखादा टोमणा मारीच, जीभच तशी होती माझी.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. जिंतूरच्या रस्त्याला एका खेड्यात विहिरीवरचं इंजिन बघायला मिस्त्री गेले. मेंढ्या राखणाऱ्यांचं घर होतं. घरातला म्हातारा तरुणपणी हैदराबादेत एका बड्या घराण्यात मोटार चालवायला होता, म्हणून त्याला सगळे डायवरबाबा म्हणत. इंजिन सुरू झालं, चहा झाला, आणि हात धुवायला मिस्त्री मेंढवाड्याच्या मागं गेले. तिथं गोवऱ्यांचा ढीग होता. ढिगातून एक गोल, गुळगुळीत, मळकट निळं टोक बाहेर आलं होतं आणि त्याच्यावर कोंबडी बसली होती.

पुढचं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथंच होते असं मला वाटतं. त्यांनी कोंबडी उठवली. टोकावर बोटानं टिचकी मारली. पत्र्याचा आवाज आला नाही, सुपासारखा आला. त्यांनी दोन्ही हातांनी गोवऱ्या उपसायला सुरुवात केली. बाबांची सून ओरडत आली, "आवो, काय करायलाव? गवऱ्या कामून ईस्कटायलाव?" मिस्त्री काही ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. अर्ध्या तासानं गाडी उघडी झाली. दोन माणसांची, माझ्या कमरेएवढी उंच, फायबरच्या अंगाची, पुढं दोन सिलिंडरचं आडवं इंजिन. मासिकात तिचं एकच चित्र होतं, तेही कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढं. मिस्त्रींनी ती ओळखली.

त्या बड्या घरातला धाकटा मुलगा परदेशातून शिकून येताना गाडी जहाजातून घेऊन आला होता. पुढं तो कायमचा परदेशी गेला आणि गाडी बाबांना देऊन टाकली. बाबांनी ती सरकीच्या ट्रकमध्ये घालून गावी आणली. पेट्रोल कोण भरणार? गाडी मेंढवाड्यामागं गेली. पण तिच्यावर गोवऱ्या रचल्या त्या बाबांच्या सांगण्यावरूनच. "ऊन लागू नये मनून," ते म्हणाले. "पावसाचं तिला काय हुत न्हाई. उन्हाचं हुतंय."

मिस्त्रींनी गाडी मागितली. बाबा दोन महिने हो म्हणेनात. मिस्त्री दर आठवड्याला जात, विहिरीचं इंजिन उगाच तपासत आणि गाडीपाशी बसून येत. शेवटी ठरलं असं, की बाबांचं विहिरीचं इंजिन जन्मभर मिस्त्रींनी सांभाळायचं आणि गाडी घेऊन जायची. न्यायच्या दिवशी बाबा पाना घेऊन गाडीत शिरले आणि गाडीचं स्टेअरिंग काढून हातात घेऊन बाहेर आले.

"जनावर देतो," ते म्हणाले. "दावं देत न्हाई."

आमच्याकडे गाय-बैल विकताना मालक दावं काढून घेतो. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. जुनं दावं गेलं तर घराची बरकत जाते असं मानतात. मिस्त्री शेतकऱ्याच्या पोटचे. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि बिनस्टेअरिंगची गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून फाट्यावर आणली. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, उद्या ट्रक विकत घ्याल आणि चाकं तिथंच ठेवून याल."

"दावं कुनी मागत आस्तंय का?" ते म्हणाले, मलाच समजावत.

मग सुरू झाली दुरुस्ती. ती किती वर्षं चालली हे मी सांगितलं तर तुम्ही मिस्त्रींच्या हाताला नावं ठेवाल. पण दोष हाताचा नव्हता. त्या इंजिनाचा एकही भाग हैदराबादपर्यंत मिळत नव्हता. पिस्टनच्या रिंगा पंपाच्या इंजिनाच्या, घासून घासून बसवलेल्या. टायर जुन्या टॅक्सीचे. सीटा गेल्या होत्या, म्हणून सुतळीनं विणलेल्या दोन लहान बाजा. आणि नवं दावं म्हणून ट्रॅक्टरचं स्टेअरिंग, इतकं मोठं, की आत बसणाऱ्याला ते छातीशी धरूनच बसावं लागे.

वेळही सलग मिळत नसे. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. आज या बाजूचा बंद, उद्या त्या बाजूचा. एसटी नाही, गिऱ्हाईक नाही, फाट्यावर चिटपाखरू नाही. गावोगावी माणसं जीव मुठीत धरून होती, आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांवर काय गुदरलं ते आम्ही ऐकून होतो. त्या दिवसांत मिस्त्री दुकानाचं फाटक लावून गाडीखाली पडून राहत. मी डबा घेऊन जाई आणि तिथंच बसे. "स्टेअरिंग धर," ते खालून म्हणत. "डावीकडं. आता बिरेक दाब." दाबत दाबत मला त्या गाडीचा ब्रेक कुठं धरतो, कुठं सुटतो हे कळायला लागलं. मी त्यांना ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टोमणे मारायची माझी सोय गेली असती.

अशाच एका दुपारी ते खालूनच म्हणाले, "चालू झाली की पैली चक्कर तुजी. गावात आपुन दोघंच जायचं."

मी म्हटलं, "मला काय हौस नाही त्या खुराड्यात बसायची."

खालून पाना पुन्हा खडखडायला लागला. मी मात्र रात्रभर विचार करत होते, कोणती साडी नेसायची.

शेवटी तो दिवस उजाडला. इंजिन आदल्या आठवड्यात सुरू झालं होतं. कशी गर्जना होईल म्हणून मी कानांवर हात ठेवले होते, तर आवाज आला तो विहिरीवरच्या इंजिनाचा, फक्त घाईत असलेल्या. चहावाला म्हणाला, "मिस्त्री, पानी कुठं पडायलंय?" पण त्याचाही चेहरा हसायचा विसरला होता. गावात निरोप गेला, डायवरबाबांकडेही गेला. मिस्त्री अमुक दिवशी सकाळी वेशीतून गाडी आणणार.

मी जांभळी साडी नेसले. नारळ फुटला. पदर खोचून, गुडघे पोटाशी घेऊन मी त्या सुतळीच्या सीटवर बसलेसुद्धा. तेवढ्यात जिंतूरकडून एसटी आली आणि तिच्यातून डायवरबाबा उतरले. पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडी, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेलं ते स्टेअरिंग. ते गाडीपाशी आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून बोनेटवर हात फिरवून त्यांनी गाडी पाहिली. मग ते बाजूला जाऊन उभे राहिले, लग्नात बोलावलेल्या पण मान न मिळालेल्या सोयऱ्यासारखे.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. ते काही म्हणाले असते तर मी भांडले असते. ते नुसते बघत राहिले.

मी उतरले. "बसा बाबा," म्हटलं. आवाज गोड ठेवला होता, पण डोक्यात तिडीक गेली होती. इतकी वर्षं डबे मी आणले, ब्रेक मी दाबले, आणि ऐन वेळी सीट दुसऱ्याला! बाबा आत बसले, फडकं सोडलं, आणि आपलं स्टेअरिंग मांडीवर उभं धरलं. गाडी हलली. मिस्त्रींनी ट्रॅक्टरचं चाक डावीकडं वळवलं, तसं बाबांनीही आपलं चाक डावीकडं वळवलं. चहाच्या दुकानातली सगळी माणसं उभी राहिली. गाडी गावच्या रस्त्याला लागली आणि धूळ उडवत, टकटकत, बघता बघता वळणापलीकडे गेली. खरंच जोरात गेली. मी रस्त्यात उभी राहून आवाज ऐकत होते. तो बारीक होत होत पार विरून गेला तरी मी उभीच होते.

मग चालत निघाले. गावाकडे जायला दुसरं होतं काय?

अर्ध्या वाटेवर ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला निळी गाडी उभी दिसली. पुढच्या चाकापाशी मिस्त्री उकिडवे बसले होते. आत बाबा तसेच, चाक मांडीवर. खरं सांगायचं तर ती उभी गाडी बघून पहिल्यांदा मला बरं वाटलं. बरी जिरली, असं मनात आलं. मग मिस्त्रींनी मान वर केली, आणि त्यांचं तोंड बघून मला माझीच लाज वाटली.

"जॉइंट तुटला," ते म्हणाले. "पुढचा. चाकाला वढनारा."

या गाडीची पुढची चाकं ओढायची. बाबांना ते फार पसंत होतं. बैल पुढंच असायचे, मागून ढकलणारी मोटार म्हणजे उलटा कारभार, असं त्यांचं म्हणणं. तो जॉइंट आम्हाला पुढं कधीच मिळाला नाही. ती गाडी स्वतःच्या पायांनी चालली ती एकदाच, फाटा ते ओढा, दोन किलोमीटर. पण हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा ठाऊक होतं एवढंच, की पुढं वेशीत सगळं गाव उभं आहे.

"मी जोडी आणते," मी म्हटलं. मिस्त्री गाडी सोडून हलायला तयार नव्हते आणि बाबांना सोबत हवी होती. मी गावात गेले. वेशीत खरोखरच सगळे जमले होते, लेकुरवाळ्या बायका, पारावरची मंडळी, शाळा बुडवलेली पोरं. मला एकटीला चालत येताना बघून कुजबुज सुरू झाली. मी घरच्या गोठ्यातून बैलजोडी सोडली, जू अन् साखळी घेतली आणि परत वेशीतून निघाले तेव्हा तर हशाच पिकला.

"वैनी, बैल कुनीकडं निघाले?" एकानं विचारलं.

"फ्रान्सला," मी म्हटलं आणि चालू लागले. ओठ दाबून धरले होते, नाहीतर तिथंच रडू फुटलं असतं. दहा वर्षं मीही त्यांच्यातच उभी राहून हसले होते. बाहेरून ते हसणं कसं ऐकू येतं ते मला त्या दिवशी कळलं.

ओढ्यापाशी बैल जुंपले. अशी जमिनीला टेकलेली गाडी त्यांनी कधी ओढली नव्हती, ते बिचकायला लागले. कुणीतरी पुढं कासरा धरून चालायला हवं होतं, ते मिस्त्रींनाच करावं लागणार होतं. बाबांना दिसत नव्हतं. उरले मी.

"तू धर चाक," मिस्त्री म्हणाले. "उताराला बिरेक दाब. न्हाईतर गाडी बैलाच्या खुरावर जाईल."

मी ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगमागं बसले. ओढ्याच्या उताराला गाडी बैलांवर चालून जाऊ लागली तेव्हा मी ब्रेक दाबला, जिथं धरतो तिथं बरोबर. बाबांनी मान न वळवता विचारलं, "कोन शिकवलं वो तुमाला?" मी म्हटलं, "कुणी न्हाई." मग बाबा त्यांच्या चाकानं आणि मी माझ्या चाकानं अशी आम्ही दोघांनी ती गाडी चालवली. मिस्त्री पुढं होते. एकदाही त्यांनी मागं बघितलं नाही. पण खांदे दिसत होते मला. तसे पडलेले खांदे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते, धंद्यात खोट आली तेव्हासुद्धा नाही.

गाव जवळ आलं तशी उजव्या हाताला पांदण लागली. ती गावाच्या मागून जाऊन आमच्या गोठ्यापाशी निघते. मिस्त्रींनी बैल तिकडं वळवायला घेतले.

"कुठं?" मी आतून ओरडले.

"पांदीनं जाऊ. वेशीत लोक हाईत."

"मग वेशीतूनच घ्या."

ते थांबले. पहिल्यांदा मागं वळले. "हसतेत लोक," ते म्हणाले.

"हसू द्या. मी बसलेय ना गाडीत." पुढं काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "ही साडी मी पांदीतून न्यायला नेसले का?"

बाबा म्हणाले, "बाई बरोबर बोलायलेत." आणि आपलं चाक त्यांनी सरळ केलं.

मिस्त्रींनी बैल वेशीकडे घेतले.

हसले की लोक. का नाही हसणार? "मिस्त्री, इंजिन बदललं का?" "आरं, ही तर कडब्यावर चालायलीय!" पोरं मागं पळत होती. बाबा दोन्ही बाजूंना मोजून एकेक सलाम करत होते, हैदराबादेत करत असतील तसे. मी समोर बैलांच्या वशिंडांकडे बघत होते. एकदा मात्र मला डावीकडं बघावंसं वाटलं, तर आमची शेजारीण, माझ्याबरोबर दहा वर्षं मिस्त्रींना हसलेली, तोंडाला पदर लावून उभी होती. हसत होती की काय करत होती ते मला कळलं नाही. मी तिच्याकडे बघून मान ताठ केली.

घरापुढं गाडी थांबली. पाठोपाठ गावही थांबलं. आमच्याकडे नवं जनावर दारात आलं की घरच्या बाईनं त्याच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि कुंकू लावायचं, ही रीत. सासूबाई वारल्याला तीन वर्षं झाली होती. घरची बाई म्हणजे मी, आणि मी तर गाडीत. गाडीचं दार आतून उघडायचं तर मिस्त्रींच्या खांद्याची धडक लागे, ते एक काम राहूनच गेलं होतं.

मिस्त्रींनी बैल सोडून खुंटाला बांधले आणि घरात गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकर आणि काखेत कुंकवाचा करंडा होता. पुरुषांनी हे करायचं नसतं. हशा कमी कमी होत गेला. त्यांनी आधी बैलांच्या पायांवर पाणी घातलं. मग गाडीच्या चारी चाकांवर, तुटक्या जॉइंटच्या चाकावर जरा जास्तच. बोनेटवर कुंकवाचं बोट लावलं. भाकरीचा तुकडा मोडून गाडीवरून ओवाळला, बाबांवरून ओवाळला, आणि मग माझ्या बाजूला येऊन माझ्यावरून ओवाळला. 

"चालली गं," ते माझ्यापुरतं म्हणाले. "वढ्यापर्यंत चालली."

"म्हाईत हाय," मी म्हटलं. "आवाज ऐकला मी. शेवटपर्यंत ऐकला."

त्यांनी तुकडा लांब फेकला, तांब्या खाली ठेवला, बाहेरून दार उघडलं आणि मला उतरायला हात दिला. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती आणि त्यांनी चारचौघांत माझा हात कधी धरला नव्हता. सगळं गाव बघत होतं. मी हात धरला आणि उतरले.